पळस, उल्वा आणि आईचा गंज

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढायची खोड होती. रेघेच्या डाव्या अंगाला ते लिहीत ‘पळस’ आणि उजव्या अंगाला ‘उल्वा’. एक फुलणारा वृक्ष आणि एक हिरवं समुद्री शेवाळ यांची तुलना करा, हा प्रश्न हमखास येतो, असं ते वर्षाच्या सुरुवातीला छातीठोकपणे सांगत. मी तिथं होते तोवर तो एकदाही आला नाही. पण तुलना आमच्या डोक्यात पक्की बसली. पळसाला मूळ आहे, उल्वाला नाही. पळसाला खोड आहे, उल्वाला नाही. पान, फूल, फळ, बी, अंगातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या, सगळं पळसाला. उल्वाच्या रकान्यात सर नुसते ‘नाही, नाही’ लिहीत खाली उतरत. लग्नाचं स्थळ मोडायला बसलेल्या मामासारखे ते त्या बिचाऱ्याच्या उणिवा काढत. मला शेवाळाची दया यायची.

त्यातून आमच्या प्रयोगशाळेतलं हिरवं शेवाळ पांढरं होतं. बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये, कोणत्या जमान्यापासून बुडवून ठेवलेली एक फिकट चिंधी. तिच्याकडे बघून आम्ही आकृती काढायची आणि खाली ‘हिरवे शेवाळ’ असं लिहायचं. सरांनी खरा समुद्र एकदा पाहिला होता, तोही लग्नानंतर लगेच, बायकोबरोबर. त्या वेळी त्यांचं लक्ष शेवाळाकडे नसावं. आम्ही पोरांनी तर बोर धरणापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. वर्ध्याहून कोणत्याही दिशेला चालू लागा, समुद्र सारखाच लांब.

आणीबाणी उठून गेली होती आणि मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. घर सिंदी मेघेला, मागून पायवाटेनं गेलं की आमचं शेत, आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुना पळस. मला एम.एस्सी. करायचं होतं. ते नागपूरला होतं आणि त्यासाठी होस्टेलात राहावं लागणार होतं. ही गोष्ट मी बाबांना त्या पळसाखालीच सांगितली, कारण घरात सांगितली असती तर काकाही ऐकायला आले असते.

"काऊन?" बाबा म्हणाले. "इथं झाडं नाई काय?"

"सगळी झाडं आपल्या धुऱ्यावर नाईत, बाबा."

"कोनतं नाई ते सांग."

दुसरं काही सुचेना. "उल्वा," मी म्हटलं. "समुद्रातलं शेवाळ हाय."

"शेवाळ आपल्या विहिरीत हाय," ते म्हणाले. "विहिरीतल्या शेवाळापायी पोट्टी नागपूरले ठेवू?"

बाबांशी वाद घालणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीतून चालणं. प्रत्येक पावलाला चप्पल जड होत जाते. त्यांच्या मनात काय आहे तेही मला माहीत होतं. आष्टीच्या एका दुकानदाराच्या घरून निरोप आला होता. चैत्रात पोरगी पाहायला यायचं म्हणत होते. दुकान चांगलं चालतं, घर पक्कं, मुलगा निर्व्यसनी, असं काका येता-जाता ऐकवत. मुलाचा फोटो मीही पाहिला होता. तोसुद्धा कुणीतरी फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यासारखा दिसत होता.

नेमकी तेव्हाच सरांनी अभ्याससहल जाहीर केली. कोकणात जायचं, समुद्रकाठचं शेवाळ गोळा करायचं, त्याला परीक्षेत गुण. वर्गात आम्ही मुली मोजक्याच. बरोबर येणाऱ्या मॅडमनी ऐनवेळी अंग काढून घेतलं, म्हणून एखाद्या मुलीचे पालक आले तरच मुलींना नेता येईल, असं ठरलं. मी घरी रडकुंडीला येऊन हे सांगितलं, आणि बाबा जेवता जेवता म्हणाले, "मी येतो. पाह्यतो तुहं उल्वा. त्याच्यात दम असन तं नागपूर. नाई तं आष्टीवाल्याईले हो म्हनतो."

म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य एका शेवाळावर येऊन ठेपलं. ज्याला मूळ नाही, खोड नाही आणि जे मी स्वतःही धड पाहिलेलं नाही.

कोकणात लोक फक्त मासे आणि भात खातात, अशी बाबांची ठाम समजूत होती. त्यामुळे त्यांनी खाण्याची तयारी स्वतःकडे घेतली. कणीक, तुरीची डाळ, वांगी, तिखट-मीठ. पानग्यांसाठी पळसाच्या पानांचा गठ्ठा. पानगा म्हणजे कणकेची जाड चकती. ती पळसाच्या दोन पानांमध्ये दाबायची आणि गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, भाजायची. आर हवा म्हणजे गोवऱ्या हव्यात. समुद्राकाठी गोवऱ्या मिळतील याचा भरवसा काय, म्हणून एक पोतं गोवऱ्या.

वरणासाठी मोठं भांडं हवं होतं, ते आईनं काढून दिलं. तिच्या लग्नातला पितळी गंज. आमच्याकडे गंज म्हणजे उभ्या काठाचं मोठं पातेलं. लोखंडाला चढतो तो वेगळा. आईचं माहेर हिंगणीचं, तिच्या वडिलांनी तो दिलेला, आणि काठावर टिंबाटिंबांनी तिचं नाव कोरून घेतलेलं. हे तिचं पहिलं नाव होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून आमच्या घरात तिला जुन्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. मलाही ते नाव माहीत होतं ते केवळ गंज घासायचं काम माझ्याकडे होतं म्हणून.

"सांभाळजा," आई बाबांना म्हणाली. "माह्या बापानं देल्ला हाय."

"मी काय गंज घेऊन पळून जाऊन राह्यलो?" बाबा म्हणाले.

मुंबईच्या गाडीत टी.सी.नं पोत्याला पाय लावून विचारलं, "बोरे में क्या है?"

"गोबर है, साहब," बाबांनी नम्रपणे सांगितलं.

टी.सी.ला वाटलं आपली थट्टा चालली आहे, म्हणून त्यानं पोत्याचं तोंड उघडायला लावलं, आत पाहिलं, आणि पोत्याला वळसा घालून पुढं गेला. सर त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते. त्यानंतरचा सगळा प्रवास त्यांनी आमच्याबरोबर नसल्यासारखा केला.

मुंबईहून एस.टी.नं अर्धा दिवस गेल्यावर समुद्र दिसला. सगळे खिडक्यांकडे सरकले. मग मागून एक पोट्टा म्हणाला, "बोर धरनापेक्षा मोठा हाय," आणि सगळ्यांना बरं वाटलं. सर आम्हाला ओहोटीची वेळ साधून सकाळी काठावर घेऊन गेले. पाणी पार मागं हटलेलं होतं. काळा सपाट खडक उघडा पडला होता, खळ्यासारखा साफ. आणि त्या खडकावर उल्वा होतं.

हिरवं होतं. एवढं हिरवं मी आमच्याकडे श्रावणातसुद्धा पाहिलं नव्हतं. पातळ, ओलं, चुण्या पडलेलं, उन्हात धरलं तर पलीकडचं बोट दिसावं असं. मला रडू आलं. ते आनंदानं आलं की रागानं, तेव्हाही कळलं नाही. तीन वर्षं आम्हाला पांढरी चिंधी दाखवून फसवलं होतं, असं मात्र स्पष्ट वाटलं.

बाबा उकिडवे बसले. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळली झाडं, उपटण्यात उभी हयात गेलेली, त्यामुळे त्यांनी उल्वाही बुडाशी नीट पकडून, जोर लावून ओढलं. ते जोराची वाट न पाहता हातात आलं आणि बाबा मागच्या मागं पाण्यात बसले.

"मूळ नाई याले," बाबा बसल्या जागेवरून म्हणाले.

"तेच तं सांगत होती," मी म्हटलं. "दगडाले नुसतं धरून राह्यते ते. दगडातून काही घेत नाई. जे पाहिजे ते सगळ्या अंगानं पाण्यातून घेते."

"मंग वाहून काऊन नाई जात?"

"धरलं ना त्यानं."

बाबा ते उल्वा तळहातावर पसरून बराच वेळ पाहत राहिले. तेवढ्यात सर आले. त्यांनाही खरं उल्वा पहिल्यांदाच दिसत होतं, पण तसं दाखवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी भाषण सुरू केलं. उल्वाच्या अंगात पेशींचे फक्त दोन थर असतात. त्याच्या दोन पिढ्या असतात, एक आईची, एक लेकीची म्हणा, पण दिसायला दोन्ही हुबेहूब सारख्या. एकाच दगडावर शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि डोळ्यांनी पाहून आई कोणती, लेक कोणती, सांगता येत नाही. पळसात तसं नाही. तिथं एक पिढी दुसरीच्या पोटात, फुलाच्या आत दडलेली असते, बाहेरून कुणाला दिसतही नाही.

"ते ठीक हाय, मास्तर," बाबा म्हणाले. प्राध्यापकाला मास्तर म्हटलेलं सरांना लागायचं. "पळसाच्या पानाच्या पत्रावळी होतात. फुलाचा रंग होतो. बियानं लेकराचे जंत पडतात. मुळाचा कुंचा करून आमी घराले चुना मारतो. हे कशाले येते?"

"संशोधनाला," सर म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आष्टीचं दुकान मला डोळ्यांसमोर उघडलेलं दिसलं, आत गल्ल्यावर तो फॉर्मॅलिनमधला मुलगा. मी बादलीत समुद्राचं पाणी भरून त्यात उल्वा गोळा करायला लागले, कारण निदान गुण तरी हवेत.

उन्हं वर आली तेव्हा बाबांनी स्वयंपाक मांडला. वाळूत नको, कणकेत रेती जाईल. म्हणून तिथंच, खडकावर. तीन दगडांवर गंज ठेवून वरण शिजायला लावलं, बाजूला गोवऱ्यांचा आर केला, पानगे पळसाच्या पानांत दाबून भाजायला घातले. वास सुटला तशी सगळी पोरं शेवाळ टाकून भोवती जमली. सरसुद्धा आले. टोपली घेतलेली एक कोळीण काठावरून जाताना ओरडली, "पानी भराला लागलंय, वर या."

बाबांनी मान वर करून आभाळ पाहिलं. एक ढग नव्हता. "आभाळ कोरडं हाय," ते आम्हाला म्हणाले. "पानी कुठून येईन?"

आणि गंमत म्हणजे आम्हाला सगळ्यांना ते पटलं. भरती-ओहोटी आम्ही भूगोलात पाठ केली होती. चंद्राची आकृतीही काढली होती. पण आमच्याकडे पाणी वाढतं ते वर कुठंतरी पाऊस झाला म्हणून, आणि ते येतं वरच्या अंगानं, गढूळ होऊन, आवाज करत. निळ्या आभाळाखाली, न सांगता, स्वच्छ पाणी चढत येईल, हे वर्ध्याच्या माणसाच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. आम्ही समोर समुद्राकडे नजर ठेवून होतो आणि समोरचा समुद्र जिथल्या तिथं दिसत होता. पाणी मागून आलं. खडक आणि वाळू यांच्यामध्ये एक सखल पट्टा होता. तो आधी भरला, आणि आम्ही वरण घाटत असताना बेटावर राहिलो.

पहिला कळला तो आवाज, आर विझल्याचा. मग पळसाची पानं उचलली गेली आणि पानगे आमच्यादेखत तरंगत निघाले, काही पानांत झाकलेले, काही उघडे. हिरव्या उल्वावरून पळसाची तपकिरी पानं फिरत होती. सरांची ती उभी रेघ पाण्यानं पुसून टाकली, असं आता लिहायला छान वाटतं. तेव्हा मी फक्त किंचाळत होते. पोरं पळाली. सर सगळ्यांच्या आधी काठावर पोचले आणि तिथून हातवारे करून मार्गदर्शन करू लागले.

मी बादलीकडे धावले आणि उल्वावरूनच पाय घसरून पडले. बाबांनी एका हातानं माझं मनगट धरलं. पाणी त्यांच्या गुडघ्याच्या वर होतं. दुसरा हात मोकळा होता. एका बाजूला दगडांवर गंज, त्यात वरण, काठावर आईचं नाव. दुसऱ्या बाजूला माझी बादली, कलंडायला आलेली. मी पाहिलं, बाबांनी आधी गंजाकडे पाहिलं, मग बादलीकडे. मग बादली उचलली.

"गंज तापला होता," ते पुढं आयुष्यभर सांगत आले. असेलही तापलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, एस.टी.च्या आधी, बाबा ओहोटीत जाऊन आले. तीन दगड जागेवर होते, असं म्हणाले. एवढंच म्हणाले. परतीच्या गाडीत बादली त्यांनी मांडीवर धरली होती. कोणी विचारलं तर सांगत, "उल्वा हाय," आणि विचारणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं अशा तोऱ्यात गप्प बसत. अकोल्यापर्यंत बादलीला असा वास सुटला की शेजारची माणसं दुसरीकडे जाऊन बसली. सगळं उल्वा सडलं. सरांनी समुद्राकाठीच कागदावर पसरून दाबलेला एक तुकडा तेवढा वाचला, आणि तो हिरवा राहिला. सरांच्या बाजूनं एवढं तरी सांगायला हवं.

आईनं दारातच विचारलं, "गंज कुठी हाय?"

बाबांनी सगळं सांगितलं, कोरड्या आभाळासकट. आई ओरडली नाही, रडली नाही. ती आत गेली आणि त्या दिवसापासून बाबांशी बोलेनाशी झाली. वाढायची, धुवायची, शेतात जायची, पण बोलायची भिंतीशी. होळी आली, धुऱ्यावरचा पळस सगळी पानं टाकून नुसता फुलांनी पेटला, तरी ती भिंतीशीच बोलत होती. मला आईचा राग यायचा आणि बाबांची कीव. एका भांड्यासाठी एवढं काय, असं मला वाटे. तेवढी अक्कल तेव्हा नव्हती.

इकडे बाबांची पंचाईत झाली होती. बायकोच्या बापाचा गंज देऊन आणलेली वस्तू फालतू निघाली, असं कबूल करणं त्यांच्या स्वभावात बसेना. त्यामुळे पानठेल्यावर ते उल्वाची थोरवी सांगू लागले. दोनच थराचं अंग, मूळ नाही, तरी आख्खा समुद्र त्याला हलवू शकत नाही. ऐकणारे मान हलवत आणि सुपारी खात.

चैत्रात आष्टीची माणसं आली. बैठकीत गादी घातली, काका नवा सदरा घालून बसले. मी आत पोह्यांचा ट्रे धरून उभी. काकांनी बाबांना आत बोलावून हळूच बजावलं, स्थळ चांगलं आहे, नागपूर-बिगपूर डोक्यातून काढ. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मला दिसत होतं, ते वाकत चालले आहेत. बाहेरच्या माणसांपुढं, मोठ्या भावापुढं, पानठेल्यावरचं उल्वा कामाचं नव्हतं.

आई चुलीपुढून उठली. माझ्या हातातला ट्रे घेतला, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा थेट बाबांशी बोलली. "माहा गंज गेला ना तिच्या त्या शेवाळापायी?" ती म्हणाली. "मंग आता जाऊ द्या तिले नागपूरले. नाई तं गंज आनून द्या माहा."

बाबा बाहेर गेले. मी दाराआडून ऐकलं. "पोरगी शिकून राह्यली अजून," ते पाहुण्यांना म्हणाले. "समुद्रातलं शिकते ते. पोहे घ्या."

मी नागपूरला गेले. तिथं शिकले, तिथंच शिकवायला लागले, आणि पुढं माझ्या वर्गात फळ्यावर मीही पळस आणि उल्वा लिहू लागले, फक्त रेघ न ओढता. ऐंशीच्या दशकात कधीतरी, एका दिवाळीला मी घरी आले होते. आई स्टीलच्या गंजात वरण घाटत होती. बाबा अंगणात खाटेवर पडले होते. आई मध्येच म्हणाली, "माह्या गंजाले तिथं तुहं ते शेवाळ धरलं असन आता. सारा झाकून गेला असन."

"नाई, आई," मी म्हटलं. "पितळात तांबं असते. तांब्यावर शेवाळ धरत नाई. जहाजाले शेवाळ लागू नये म्हनून पहिले खालून तांब्याचे पत्रे ठोकत."

तिचा हात थांबला. "धरतच नाई?"

"नाई."

"मंग नाव वाचता येत असन," आई म्हणाली.

मला काय झालं कोण जाणे. काठावरची ती टिंबं मला बोटांनी पाठ होती. मी तिला त्या नावानं हाक मारली. मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल अशी. आईनं चुलीकडे पाहतच ओ दिली, लगेच, जणू सकाळपासून वाटच पाहत होती.

अंगणातून बाबांनी विचारलं, "कोनाले हाका मारून राह्यली वो ते?"

"माह्या गंजाले," आई म्हणाली, आणि वरणाला फोडणी दिली.